खुळी सरळ झाली

मार्चच्या सुरुवातीला आमचा तलाव अर्धाच असतो. धरणवाले हिवाळ्यात पाणी सोडून देतात. मग काठाची तांबडी माती उघडी पडते, पन्नास वर्षांपूर्वी बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि सकाळच्या धुक्यात त्यातला एखादा हटकून ओळखीचा वाटतो. मी दर वर्षी फसते. बोटीतून हात हलवते. "अगं, तो एस्टेल नव्हे, ओकचा बुंधा आहे," व्हर्लिन म्हणायचा. "नीट बघ, बुंधा जरा हुशार दिसतो."

व्हर्लिन माझा नवरा, एस्टेल आमचा शेजारी. एस्टेलला हे कळलं तरी तो हसायचा, कारण व्हर्लिन सगळ्यांनाच असा बोलायचा. मला तर उठता बसता. आणि मी ऐकून घेणारी आहे का? माझं तोंड सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. अडतीस वर्षं आमच्या घरातून एक तर भांडणाचा आवाज यायचा, नाही तर हसण्याचा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं नेमकं काय चाललंय ते सांगता यायचं नाही.

मग त्या ऑक्टोबरात व्हर्लिनला झटका आला. सकाळची वेळ, त्याच्या हातातून कॉफीचा कप सुटला. मी चुलीकडे तोंड करून सॉसेज परतत होते. आवाज ऐकून मागे न बघताच ओरडले, "झालं का सांडून? हात आहेत का ओंडके?" आणि वळून बघते तर त्याचं तोंड एका बाजूला ओघळलेलं आणि डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. माझा तो ओरडा नंतर किती महिने माझ्या कानात राहिला ते मी सांगू शकत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, यांना राग येईल, ताण येईल असं काही होऊ देऊ नका. मी देवासमोर शपथ घेतली. त्या दिवसापासून वावगा शब्द नाही. "राजा, सूप गरम आहे हं, फुंकून घे." "मोजे उलटे घातलेस? असू दे, छान दिसतात." चर्चमधल्या बाया बटाट्याचे आणि चीजचे भाजलेले पदार्थ घेऊन यायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या, ही झेलाच ना? माझ्या माहेरचं कुणी ऐकलं असतं तर डॉक्टरला माझी नाडी बघायला पाठवलं असतं.

व्हर्लिन मात्र गप्प झाला. जीभ बरी झाली होती त्याची, डॉक्टर म्हणाले बोलता येतं. पण बोलायचाच नाही. खिडकीशी बसून अंगणातल्या बोटीकडे बघायचा, ताडपत्री घातलेल्या. सगळा हिवाळा असा गेला. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून विणत बसायची आणि आम्ही दोघं त्या निळ्या ताडपत्रीवर बर्फ पडताना आणि वितळताना बघायचो. कधीकधी डोळा लागायचा आणि मला वाटायचं, आपण तलावावरच आहोत, आत्ता हा काहीतरी टोमणा मारेल.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा जेवताना तो म्हणाला, "बोट विकून टाक, झेला. एस्टेलच्या मेहुण्याला हवी होती."

घेवड्याची पळी माझ्या हातात तशीच राहिली. व्हर्लिनच्या बापाने एका मार्चमध्ये आपलं खेचर विकलं होतं. चांगलं कामाचं खेचर. मे महिन्यात आम्ही त्या बापाला पुरलं. त्या घरातले पुरुष असेच आहेत, आधी वस्तू देऊन टाकतात आणि मग स्वतः जातात. मला कळलं की बोट अंगणातून गेली की पाठोपाठ हा जाणार. आणि ओरडायचं नाही, चिडायचं नाही. मी आवाज मऊ ठेवून म्हटलं, "हो राजा, विकू. पण आधी एकदा जाऊन येऊ या. ह्या शनिवारी. मेहुण्याला रविवारी येऊ दे."

त्याने ताट बाजूला सारलं. "मला गळ फेकता येत नाही."

"मी फेकीन. तू नुसता बस."

"मग खुळी घे," तो म्हणाला. पाच महिन्यांत त्याने मागितलेली ती पहिली गोष्ट.

खुळी म्हणजे कोण ते सांगायला हवं. गळाला लावायच्या लाकडी खोट्या माशाला दुकानातून क्रँकबेट म्हणतात, आम्ही घरात मासोळी म्हणायचो. देवदाराचं बोटभर अंग, हनुवटीला पातळ पत्र्यासारखी चोच, पोटाखाली दोन तीनतोंडी गळ. दोरी गुंडाळत आणली की चोच पाणी कापते, मासोळी खाली बुडी मारते आणि अंग हलवत चालते. व्हर्लिन त्या कोरायचा. रंगवायचं काम माझं, आणि सरळ चालवायचं कामही माझंच. नाकाशी तारेची कडी असते, तिला दोरी बांधतात. मासोळी डावीकडे पळायला लागली तर ती कडी उजवीकडे केसभर वळवायची. केसभर म्हणजे केसभरच, पक्कड जवळजवळ मनातल्या मनात दाबायची. तीस वर्षांत माझ्या हातून एकही वाकडी मासोळी बाहेर गेली नाही. घेणारे विचारायचे, "झेलाने बघितलीय का?" कुणी परत घेऊन आला की ही सरळ चालत नाही, तर मी त्याच्यासमोर टबात ओढून दाखवायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

खुळी मात्र व्हर्लिनची स्वतःची. तपकिरी पाठ, नारिंगी पोट, दगडाखालच्या चिमटेवाल्या झिंग्यांचा रंग. थंडी सरताना बास मासा त्यांच्याच मागे असतो. तंबाखूच्या डबीत, कापसात, शर्टाच्या खिशात ती असायची. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. तो बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून ती फेकायचा आणि मी मागच्या टोकाला बसून बघायची. नऊ फूट खोल गढूळ पाण्यात ती काय करते ते मला कुठून दिसणार? दिसायचा तो शेवटी वर येणारा मासा. पाच पौंडी, सहा पौंडी, हिरवे, जाडजूड, चिडलेले. "एवढं काय आहे तिच्यात?" मी विचारायची. "तुझा रंग," तो म्हणायचा. "असला नारिंगी तुला परत जमला नाही." आणि मी वेडी, वीस वर्षं तो नारिंगी परत जमवायला बघत होते.

शुक्रवारी दुपारी मी त्याची शेड उघडली. आत देवदाराचा वास तसाच होता. खिडकीतून ऊन पडलं होतं आणि त्यात भुसा तरंगत होता, जणू तो आत्ताच उठून बाहेर गेलाय. मी स्टुलावर बसले आणि किती वेळ नुसती बसले देव जाणे.

मग कामाला लागले. त्याच्या गळाच्या नव्या कडक काठ्या मी बाजूला ठेवल्या. गार पाण्यात बास धडक देत नाही, हळूच तोंडात धरतो, आणि कडक काठीने झटका दिला की गळ सुटून येतो. मी जुनी पिवळी काचेच्या धाग्याची काठी घेतली. ती मऊ, वाकते, जरा उशिरा बोलते, तोवर माशाने तोंड नीट मिटलेलं असतं. रीळ घेतलं तेही सगळ्यात संथ. दोरी दहा पौंडी, कारण बारीक दोरीवर मासोळी फूटभर जास्त खोल जाते. मग डबी उघडली. खुळीचे गळ गंजले होते. ते काढून नवे घातले, पुढचा एक नंबर मोठा, आणि त्याच्या दांडीला शिशाच्या तारेचे तीन वेढे दिले, म्हणजे ओढायची थांबवली तरी ती लगेच वर येऊ नये, तिथेच टांगल्यासारखी राहावी. हात आपोआप चालत होते. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या तळहातावर अशी निवांत पडली होती. पोटावर माझ्याच ब्रशचा फटकारा होता आणि मला माझी तेव्हाची बोटं आठवली, सांधे न दुखणारी.

एस्टेलच्या गोठ्यामागे झऱ्याच्या पाण्याचं तळं आहे, तळ दिसेल इतकं स्वच्छ. तिथे जाऊन मी खुळी फेकली आणि संथ ओढत आणली. ऊन तिरपं झालं होतं. ती पाण्याखालून चालत आली, पोट चमकवत, आणि मध्येच, कुणी हाक मारल्यासारखी, उजवीकडे सटकली. जरा गेली आणि परत आली. पुढे चालली. मग डावीकडे.

पाच महिने डबीत पडून हिची चाल बिघडली! आणि उद्या ही घेऊन मी त्याला नेणार होते. मी काठावर गुडघे टेकले आणि पक्कड काढली. बाई गं, किती चिवट निघाली ती! उजवं सुधारलं की डावीकडे जायची, डावं सुधारलं की परत उजवीकडे. इतर मासोळ्या दोनदा वळवल्या की शहाण्या होतात. हिला मी नऊ वेळा वळवलं. एस्टेलच्या गाई येऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या. सूर्य कलला, पाणी तांबूस झालं, आणि दहाव्या फेकीला खुळी आली ती तारेवरून धावल्यासारखी सरळ, जराही इकडे तिकडे नाही. मला भरून आलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम मी केलं होतं आणि तेही त्याच्यासाठी. घरी येताना मी गाणं म्हणत होते.

शनिवारी एस्टेलने बोट पाण्यात उतरवून दिली. व्हर्लिनला त्याने लहान पोरासारखं उचललं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. व्हर्लिनने उचलू दिलं. एरवी एस्टेलचा हात लागला असता तर त्याने त्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती. "मी इथेच गाडीत बसतो," एस्टेल म्हणाला. "उद्या मेहुण्याला दहाला आणतो, चालेल ना?" मी मान हलवली.

धुकं इतकं होतं की बोटीचं पुढचं टोक आणि त्यावर बसलेला व्हर्लिन एवढंच जगात होतं. मी मागच्या टोकाचं यंत्र बारीक ठेवलं. आम्ही जात होतो ती बुडालेल्या रस्त्याची जागा. धरण व्हायच्या आधी त्या रस्त्याने मी शाळेत जायची. रस्त्याकडेला दगडांची बुटकी भिंत होती, तिच्यावरून चालायची पैज लागायची. ती भिंत अजून आहे तिथे, नऊ फूट खाली, आणि आता तिच्या सावलीत बास बसतात. यंत्र बंद केलं की मला नेहमी वाटतं, खालून कुणी मान वर करून बघितलं तर आपल्या बोटीचं पोट ढगासारखं दिसत असेल. एवढीशी मी, डब्यात मक्याची भाकरी घेऊन, वर बघते आहे. आणि वर ही म्हातारी, आणि तिचा नवरा. त्या सकाळी मला ते इतकं खरं वाटलं की मी खरंच वाकून पाण्यात बघितलं.

"फेक," व्हर्लिन म्हणाला.

मी फेकली. धुक्यात कुठेतरी टप्प आवाज आला. मला एकदम एक सुचलं. मी काठी त्याच्या उजव्या हातात दिली आणि मी मागून त्याला खेटून उभी राहून रिळाची मूठ फिरवायला लागले. त्याने काठी धरायची, मी गुंडाळायचं. मासोळीच्या अंगाची थरथर दोरीतून काठीत येते आणि काठीतून मनगटात, ती त्याला मिळावी. त्याचा खांदा माझ्या छातीशी होता. पाच महिन्यांनी त्याची पाठ ताठ झालेली मला कळली.

आणि मग ती सैल पडली.

"ही कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? खुळी."

"परत फेक."

परत फेकली. तो डोळे मिटून ऐकत असल्यासारखा बसला होता. "सरळ चालतेय," तो म्हणाला. "शाळेत निघाल्यासारखी."

"मग सरळच चालायला हवी ना, राजा? वाकली होती रे डबीत. काल मी नीट केली. नऊ वेळा कडी वळवली."

"नऊ वेळा," तो म्हणाला आणि काठी मांडीवर ठेवली. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलायला लागला. "ती भरकटायची, झेला. चालता चालता सटकायची आणि परत वाटेवर यायची. बास मागे मागे येतो, बघतो, त्याचं ठरत नाही. ती सटकली की त्याला वाटतं पळाली. मग झडप घालतो. शंभरात एक मासोळी अशी निघते. मुद्दाम करायला गेलं तर होत नाही."

"तू तर म्हणायचास रंगामुळे."

त्याने तोंड फिरवलं. "घरी चल," म्हणाला.

करायला गेले काय आणि झालं काय! बोट वाचवायला त्याला आणलं आणि ज्या एका गोष्टीसाठी तो उठून आला तीच मी माझ्या हाताने मारली. मी खुळी ओढून घेतली आणि पक्कड काढून कडी परत वळवायला लागले. थंडीने बोटं कामातून गेली होती. इकडे वळवली, फेकली, ती डावीकडे जाऊन गोल फिरली. तिकडे वळवली, उजवीकडे. सहा-सात वेळा केलं. वाकडी झाली, पण खुळी काही होईना. शेवटी मी ती मुठीत धरून बोटीच्या फळीवर बसले आणि रडायला लागले.

"चुकलं रे राजा माझं," मी म्हटलं. "काय हवं ते बोल मला."

"राजा म्हणू नकोस."

"बरं, सोन्या—"

"सोन्याही म्हणू नकोस!" त्याने उजवी मूठ बोटीच्या काठावर आपटली. पत्रा घणघणला. मग तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "किती दिवस आहेत?"

"कसले दिवस?"

"माझे. डॉक्टरने तुला बाजूला नेऊन सांगितलं ते. पाच महिने झाले, तू माझ्यावर एकदा ओरडली नाहीस. मी मोजे उलटे घातले, तू छान म्हणालीस. मी दोनदा मुद्दाम सूप सांडलं. तू पुसलंस आणि माझी पापी घेतलीस." "आईने बापाशी शेवटी असंच केलं. एकदम गोड झाली. आम्हाला तेव्हाच कळलं. म्हणून म्हटलं, मी आहे तोवर बोट विकलेली बरी. मागाहून तुला कुणी फसवील."

सबंध हिवाळा त्या खिडकीशी बसून हा माणूस माझ्या गोडव्यावरून आपले दिवस मोजत होता, आणि मी मागे बसून मोजे विणत होते. मला त्याला कवटाळावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मुद्दाम?" मी म्हणाले. "मुद्दाम सांडलंस?"

"दोनदा."

"माझ्या आईच्या टेबलक्लॉथवर?"

"डाग पडावा म्हणून टोमॅटोचं निवडलं होतं."

"अरे मेल्या!" मी उभी राहिले, बोट हलली. "अरे शेळपट माणसा! जीभ होती ना तोंडात? विचारता येत नव्हतं? पाच महिने मी दातांखाली जीभ धरून जगतेय, आतल्या आत शिजतेय, चर्चमधल्या त्या बाया मला संत म्हणायला लागल्यात, संत! आणि तू माझ्या आईचा टेबलक्लॉथ! अरे कुणी मरत नाहीये इथे! डॉक्टर म्हणाले तुला राग येऊ देऊ नका, बस, एवढंच म्हणाले! आणि मी ओरडले तेव्हा तुला झटका आला, माहीत आहे ना? मी 'हात आहेत का ओंडके' म्हणाले आणि वळून बघते तर तुझं तोंड..."

"बावळट," व्हर्लिन म्हणाला. इतक्या हळू, इतक्या प्रेमाने तो मला लग्नाच्या दिवशीसुद्धा काही बोलला नव्हता. "तोंड आधी वाकडं झालं. म्हणून कप पडला. तू ओरडलीस ते त्याच्यानंतर. तुझा आवाज ऐकून मला वाटलं, चला, अजून जिवंत आहोत."

मी तशीच उभी, नाक पुसत, मुठीत ती मासोळी.

"आता फेक," तो म्हणाला.

"काय फेकू? दोरी सोडलीय तिची."

"दोरीने नव्हे. हाताने. रागात आहेस तोवर." त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर जायला लागली होती. "तुला काय वाटलं, खुळी झाली कशी? मी कोरली तेव्हा ही सरळच चालायची. तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मी अर्ध्या तासासाठी म्हणून तलावावर गेलो होतो."

"आणि दिवेलागणीला आलास! मासे घेऊन! चांगल्या कपड्यांत!"

"तू खिळ्यावरची मासोळी काढून मला मारलीस. मी वाकलो. ती लोखंडी शेगडीवर आपटली आणि चोच केसभर सरकली. दुसऱ्या दिवशी सहज पाण्यात टाकून बघितली."

"ती मोडली म्हणालास! शेगडीत घातली म्हणालास!"

"तुला खरं सांगितलं असतं तर घरात एक मासोळी धड राहिली नसती."

वीस वर्षं! वीस वर्षं मी नारिंगी रंग कालवत बसले होते! मी हात मागे नेला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून ती खुळी त्याच्या डोक्यावरून बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या छोट्या मोटरीवर हाणली. तो वाकला. पाच महिन्यांत त्याला एवढं झटकन वाकलेलं मी बघितलं नव्हतं. मासोळी खणकन आपटली, उडाली आणि त्याच्या मांडीवर येऊन पडली. पाठीवरचा रंगाचा टवका निघाला होता. त्याने ती उजव्या हाताने उचलून डोळ्यांजवळ नेली, चोच बघितली, आणि मला दिली.

मी दोरी बांधून फेकली. तो काठी धरून, मी रीळ गुंडाळत. बिचारी आली ती एका अंगावर लोळत, गोल गोल फिरत, पार दारू प्यायलेली. व्हर्लिन हसायला लागला. अर्ध्याच तोंडाने, पण पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पार बिघडवलीस," तो म्हणाला. "परत मार. आता जरा डावीकडून."

"डोंबल तुझं! मी काय तुझी नोकर आहे? किती वेळा मारू?"

"लागेल तितक्या वेळा. ही गेली तर दुसरी कोरू. डावा हात तुझा, उजवा माझा. तुझ्या हाताला वळण नाही, पण चालवून घेऊ."

"माझ्या हाताला वळण नाही? तू बोलतोस हे? अर्धा माणूस, आणि तो अर्धाही आळशी!" माझा आवाज त्या पाण्यावरून किती लांब गेला ते मला नंतर कळलं. एस्टेल गाडीतून उतरून उतारावरून धावत पार चिखलापर्यंत आला होता. धुक्यातून त्याची घाबरलेली हाक आली, "व्हर्लिन! काय झालं? कोण ओरडतंय?"

व्हर्लिनने मान वळवली, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा तलाव ऐकेल असा ओरडला, "माझी बायको! उद्या मेहुण्याला आणू नकोस!"

मी मासोळी उचलली आणि पुन्हा मारली.